वाटेचा दोर

गोळी सुटली तेव्हा मी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत होते. उजाडून अर्धा तास झाला असेल. आवाज वाळूवर पसरत गेला आणि विरला. मामांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, खाली घेतली आणि मिशीवरून बोट फिरवलं.

“पडला,” ते म्हणाले. “बसल्या जागी पडला. चिंकारा होता. पाणी पीत होता.”

“चिंकारा आडावर येत नाही, मामा,” मी म्हटलं. “पाल्यावरच्या दंवावर भागतं त्याचं.”

“मग मी काय पाडलं?”

मी भांडं उतरवलं, स्टोव्ह बंद केला आणि चालायला लागले. पहिली शंभर पावलं चालत गेले. पुढची पळत.

सर्जेराव हिंगणे माझे मामा नव्हते. त्या सकाळच्या चार दिवस आधी ते पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं, मी जत सांगितलं, तसे हरखले. त्यांची धाकटी बहीण जतला दिली होती. म्हणाले, म्हणजे अख्ख्या जतचा मी मामाच की गं, साहेब-बिहेब काही म्हणायचं नाही, मामा म्हणायचं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फारच बरं वाटलं. माझे वडील बोअरच्या गाडीवर मिस्त्री. आई गेल्यावर नऊ वर्षांच्या मला घेऊन ते जेसलमेरच्या पलीकडं कामाला आले आणि तिथंच राहिले. पाणी नाही म्हणून जत सोडलेला माणूस थेट वाळवंटात जाऊन स्थायिक झाला, यावर आमच्या आत्या मरेपर्यंत हसायच्या. वडील वारले त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. ती तीन वर्षं मी मराठीत फक्त माझ्या दोन उंटांशी बोलत होते, आणि ते काही गप्पिष्ट नव्हते.

पोटासाठी मी पाहुण्यांना वाळवंट दाखवायची. वाट काढायची, चूल पेटवायची, पाणी कुठं आहे ते सांगायची. सव्वीस वर्षांची एकटी मुलगी हे काम करते म्हणून लोक हसायचे, पण वाट चुकले की मलाच शोधत यायचे. मामांनी सांगितलं होतं की तितर मारायचे आहेत. तितराला रायफल लागत नाही, हे मला कळत होतं. चिंकाऱ्याच्या शिकारीवर बंदी आहे हेही ठाऊक होतं. पण “भाची, तुझ्या हातच्या पिठल्याला आमच्याकडची चव आहे गं,” असं कुणी म्हटलं की माणूस कशाकशाकडं काणाडोळा करतो.

त्या आडाजवळ त्यांना मीच नेलं होतं. पाणी भरायला. आदल्या संध्याकाळी माझी पाठ वळली असताना मामांनी जीपमधला पाण्याचा अख्खा कॅन अंगावर ओतून आंघोळ केली होती, दाढीही केली होती. मी बघत राहिले तर म्हणाले, उद्या भरून घेऊ, आड आहे ना तुझा.

आड माझा नव्हता, जेठारामचा होता. तिकडं त्याला बेरी म्हणतात. वाळूत सात-आठ परस खोल खणलेली, एक माणूस जेमतेम उतरेल एवढी अरुंद विहीर. तोंडावर लाकडी झाकण, शेजारी जनावरांसाठी दगडी डोणी, आणि झाकणावर गुंडाळून ठेवलेला दोर आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबचा पोहरा. हा दोर तिथंच राहायचा. खणणाऱ्याचा आड असेल, पण दोर त्याचा नाही, वाटेचा. येईल त्यानं पाणी काढायचं, प्यायचं आणि दोर परत गुंडाळून ठेवायचा. दोन घराण्यांचं तीन पिढ्यांचं वैर असलं तरी एकानं दुसऱ्याच्या बेरीवरचा दोर उचलल्याचं मी ऐकलेलं नाही. ही रीत मला जेठारामनंच शिकवली होती. दोर गुंडाळायचा कसा तेही त्यानंच शिकवलं, पंजापासून कोपरापर्यंत, डावीकडून. त्याच्या घरी माझा वेगळा पितळी पेला होता. वाटसरूंना तिथं अंगणात उभं करून ओंजळीत पाणी ओततात. मला त्याची बायको धापू आत बसवून पेला द्यायची आणि म्हणायची, पोरी, आधी पाणी पी, मग तुझं रडगाणं सांग.

जेठाराम झाकणाशेजारी कुशीवर पडला होता. पहाटेच्या गारठ्यासाठी अंगावर घेतलेली उंटाच्या केसांची तपकिरी घोंगडी तशीच होती. ती लांबून चिंकाऱ्याच्या पाठीसारखी दिसली असणार. शेळ्या मागच्या टेकाडापलीकडं होत्या. त्या येण्याआधी डोणी भरून ठेवावी म्हणून तो पुढं आला होता. गोळी बरगड्यांच्या खालून गेली होती. तो जिवंत होता.

मी ओरडून मामांना जीप आणायला सांगितलं. मामा चालत आले. त्यांनी वाकून बघितलं, मग मला विचारलं की इस्पितळ किती लांब. मी म्हटलं, चार तास.

“चार तासांत काय व्हायचं ते होऊन जाईल,” ते म्हणाले. “हलवून हाल कशाला करायचे? इथं निदान शांतपणे होईल.”

आणि ते डोणीच्या काठावर बसले. पाय लांब केले, घोट्यावर घोटा टाकला, सिगारेट पेटवली.

मी हातापाया पडले. किल्ली मागितली. त्यांनी खिशावरून हात फिरवला आणि नुसते माझ्याकडं बघत राहिले, मोठं माणूस लहान मुलाचा हट्ट बघतं तसं. माझ्या बाटलीत चार घोट होते ते मी जेठारामच्या ओठांना लावले. त्यातलं थोडं पोटात गेलं.

तो म्हणाला, “दोर आत गेला.”

मी म्हटलं, बोलू नकोस.

“हातातून सुटला. दोर काढायचा आकडा घरी आहे. काढ आणि वर ठेव. कुणीतरी येईल.”

त्यानंतर तो बराच वेळ श्वास घेत होता. मामांच्या दोन सिगारेटी झाल्या तेव्हा श्वास थांबला.

मग मामांनी जीपमधून फावडं आणलं आणि माझ्या हातात दिलं. त्यांचा आवाज मऊ होता. झालं ते वाईट झालं म्हणाले, पण चुकून झालं. गावाकडं असतो तर निस्तरलं असतं, इथं कोण ओळखतंय आपल्याला. आता मातीआड करू आणि निघू. मी म्हटलं, धापूला सांगावं लागेल.

“सांगू की,” मामा म्हणाले. “तूच सांग. आधी खड्डा घे.”

मी खणायला लागले. वाळू वर कोरडी, खाली ओलसर. कंबरेइतकं खोल गेल्यावर मी थांबले.

“जरा रुंद घे, भाची.”

“माणूस एकच आहे, मामा. सडपातळ आहे.”

“वाळू ढासळते. रुंद घे.”

मी डावीकडं वीतभर वाढवला. त्यांनी मान हलवली. अजून वीतभर. मी वर बघितलं. ते खड्ड्याकडं बघत नव्हते, माझ्या खांद्यांकडं बघत होते, शिंपी बघतो तसे. रायफल आता मांडीवर आडवी होती आणि त्यांनी नुकतीच तिच्यात गोळी भरली होती.

मी फावडं भरलं आणि ती ओली वाळू त्यांच्या तोंडावर मारली.

पहिलं टेकाड चढून जाईपर्यंत दोन गोळ्या आल्या. एक माझ्या सावलीत शिरली. टेकाडापलीकडं उतरल्यावर मला कळलं की माझ्याकडं काही नाही. बाटली रिकामी, आणि तीही तिथंच राहिली होती. डोक्याला ओढणी आणि पायांत चप्पल, एवढंच. धापूची वस्ती आठ कोसांवर. वाटेत, पाच कोसांवर, जेठारामच्या बापानं खणलेली दुसरी बेरी. त्या दिवशी वारा नव्हता. वारा असता तर पावलं पुसली गेली असती. मागं बघितलं तर माझीच रांग इतकी स्पष्ट दिसत होती की मला स्वतःचाच राग आला.

मामा चांगले शिकारी होते. हे कबूल करायला हवं. त्यांनी घाई केली नाही. जीप टेकाडांमधल्या सखल पट्ट्यातून आणली, दर थोड्या वेळानं थांबून वर चढायचे, दुर्बिणीतून बघायचे, परत खाली उतरायचे. जनावराला दमवतात तसं. मी टेकाडांच्या धारेवरून चालत होते, कारण तिथं जीप येत नाही, आणि दर टेकाडाला तेवढीच उन्हात भाजत होते. दहाच्या सुमाराला माझी थुंकी बंद झाली.

मग मी खाली उतरले, मुद्दाम, आणि पांढऱ्या खाऱ्या सपाटीवरून सरळ चालत गेले. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी असतं. चैत्रात वरचा थर पापडासारखा कडक होतो, खाली मात्र चिखल तसाच. उंटसुद्धा तिथं पाय टाकायला कुरकुरतो. मी हलकी होते, तरी दोनदा घोट्यापर्यंत रुतले. पलीकडच्या टेकाडावर शमीच्या झाडाआड आडवी झाले आणि बघत राहिले. जीप माझ्या पावलांवरून सरळ आत आली. निम्म्या वाटेवर पुढची चाकं बसली. मामांनी रेस केली तशी मागचीही बसली.

मामा खाली उतरले. जीपभोवती एक चक्कर मारली. मग रायफल खांद्याला लावली, पाण्याची कॅनव्हासची पिशवी गळ्यात अडकवली आणि माझ्या पावलांवरून चालायला लागले. पिशवी निम्मी होती, ती मीच भरली होती. कॅन रिकामा होता. आंघोळीचा. आणि जेठारामच्या बेरीचा दोर तळाला पडलेला होता, त्यांच्याच गोळीनं.

तेव्हापासून ते बोलायला लागले. मी बंदुकीच्या टप्प्यात येत नव्हते, पण त्या शांततेत आवाज यायचा. “भाची, थांब गं जरा. मामाला असं पळवतात का?” मग थोडं चालणं, मग पुन्हा. त्यांनी जतच्या बाजारातल्या बोरांची गोष्ट सांगितली. हुरडा, वांग्याचं भरीत, त्यांची बहीण ज्वारीच्या भाकरीवर बोटांनी कशी नक्षी उमटवते ते. तुला घेऊन जातो म्हणाले, मुलगा बघून देतो, इथं वाळूत काय जन्म काढणार आहेस. त्यातलं एकही वाक्य खोटं वाटत नव्हतं. आणि हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, की दोनदा मी थांबले. गोळीच्या भीतीनं पाय उचलत नाही असं होत असेल, माझे पाय मराठीनं उचलत नव्हते. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्याशी एवढं बोलत होतं.

दुसऱ्यांदा थांबले तेव्हा माझ्या डाव्या बाजूच्या रुईचं पान फाटलं आणि मग आवाज आला. त्यानंतर थांबले नाही.

दुपार कलायला आली तेव्हा मी दुसऱ्या बेरीवर पोचले. झाकणावर दोर होता, गुंडाळलेला, डावीकडून. पोहरा सोडला. तो पाण्याला लागल्याचा आवाज आला. वर ओढताना तळहात सोलले. एकदम पिऊ नये हे माहीत असूनही एकदम प्यायले, ओकले, पुन्हा प्यायले. मग ओढणी भिजवून डोक्याला गुंडाळली आणि मागं बघितलं. मामा दूरच्या टेकाडाच्या धारेवर दिसले. सरळ चालत नव्हते. पिशवी फेकून दिली होती, म्हणजे संपली होती.

मी दोर उचलला, पोहरा उचलला, समोरच्या टेकाडावर गेले आणि वरच्या झुडपामागं बसले.

पुढचं मी पोलिसांना आणि वस्तीतल्या पंचांना जसं सांगितलं, तसंच आधी सांगते. शिकारी बेरीवर आला. त्याच्याकडं भरलेली रायफल होती. तो दोर मागत होता. मी खाली गेले असते तर त्यानं मला मारलं असतं, म्हणून मी गेले नाही. त्यानं पट्टा, सदरा आणि पँट एकमेकांना बांधून त्याला बूट लटकवला आणि आत सोडला. तो निम्म्यालाही पोचला नाही. तो सूर्य बुडेपर्यंत हाका मारत होता. सकाळी तो डोणीला टेकून बसलेला होता, मेलेला. मी खाली उतरले, पाणी काढलं, प्यायले, दोर गुंडाळून जागेवर ठेवला आणि वस्तीकडं चालत गेले.

हे सगळं खरं आहे. एक वाक्य सोडून.

वस्तीवर शेळ्या माझ्या आधीच पोचल्या होत्या, मालकाशिवाय. म्हणजे धापूला अर्धं कळलेलं होतं. तिनं मला आत बसवलं, पितळी पेला ओठांना लावला आणि मी संपवेपर्यंत एक शब्द विचारला नाही. मग विचारलं, “शेवटी काय म्हणाला?”

मी सांगितलं. दोर आत पडला म्हणाला. काढून वर ठेव, कुणीतरी येईल म्हणाला.

धापू तेव्हा रडली. म्हणाली, तोच. दुसरं काय बोलणार होता.

पंच बसले. दोर उचलून नेणं ही तिकडं लहान गोष्ट नाही. एक म्हातारा बराच वेळ वाळूत काडीनं रेघा मारत राहिला. शेवटी तो म्हणाला की बंदूक रोखलेल्या माणसापुढं कुणी जावं असं आमचे पूर्वजही सांगून गेले नाहीत. भीतीला माफी आहे. पोलिसांनी मला चिंकाऱ्यावरून चार शब्द सुनावले आणि सोडलं. रायफल कुठं गेली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाळूत कुठंतरी असेल. वाळूत कुठंतरी काय काय असतं, त्यांनाही ठाऊक होतं. पहिल्या बेरीवर मी धापूच्या दिराबरोबर, खेतारामबरोबर गेले. जेठारामला वस्तीवर आणलं, आणि आकड्यानं दोर काढून वर ठेवला. डावीकडून गुंडाळून.

पुढचं वर्षभर मी त्यांच्याकडं मुलीसारखी गेले-आले. धापूचं बोलणं कमी झालं होतं, पण पेला होता. जाताना ती माझ्या ओढणीच्या टोकाला बोरं बांधून द्यायची.

दुसऱ्या वर्षी ज्येष्ठात त्यांनी बेऱ्यांमधला गाळ काढला. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी बाजारातून येताना वाटेत त्या दुसऱ्या बेरीवर थांबले तर झाकणावर नवा दोर होता. पिवळा, अजून पाणी न प्यायलेला. जुना चांगला मजबूत होता, बदलायचं काही कारण नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

धापू अंगणात बसली होती. तिच्यासमोर पोत्यावर रायफल ठेवली होती. नळीत गाळ भरलेला, लाकूड फुगून फाटलेलं. खेताराम गाळ काढायला उतरला तेव्हा त्याच्या पायाला लागली म्हणे. तो ओट्यावर बसून होता, माझ्याकडं बघत नव्हता.

धापूनं आवाज चढवला नाही. “बंदूक खाली होती,” ती म्हणाली. “माणूस वर होता.”

मी उभीच राहिले.

तर ते एक वाक्य. मामा बेरीवर आले, झाकण उघडं बघितलं, दोर नाही बघितला आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी टेकाडाकडं तोंड केलं. मी कुठं आहे ते त्यांना पावलांवरून दिसत होतं, पण चढायची ताकद उरली नव्हती. कपडे बांधून बूट सोडून झाल्यावर ते म्हणाले, “भाची, एक घोट. बाकी तू म्हणशील ते.”

मी झुडपामागून म्हटलं, “बंदूक आत टाका. मग दोर देते.”

त्यांनी विचार केला नाही असं नाही. रायफल दोन्ही हातांत धरून थोडा वेळ उभे राहिले. मग आडाच्या तोंडावर नेऊन सोडली. क्षणभर काही नाही, आणि मग धप्पकन आवाज आला. मामांनी दोन्ही हात वर करून रिकामे तळवे मला दाखवले.

“बघ,” ते म्हणाले. “आता ये, बाळ.”

मी उठले. हे मी देवाशपथ सांगते, दोर खांद्याला लावून मी उठले होते आणि चार पावलं उतरलेही होते. मामांच्या अंगात आता मला इजा करण्याइतकं काही उरलं नव्हतं. मी त्यांना एका हातानं ढकलून पाडलं असतं. त्यांनी मला येताना बघितलं, त्यांना हायसं वाटलं, आणि ते डोणीच्या काठावर बसले. पाय लांब केले. घोट्यावर घोटा टाकला.

मी थांबले. मग होते तिथंच वाळूत बसले, झुडपापुढं, त्यांना दिसेल अशी. दोर मांडीवर घेतला.

“काय झालं गं?” मामा म्हणाले.

“इथं निदान शांतपणे होईल, मामा,” मी म्हटलं.

त्यांना आठवायला थोडा वेळ लागला. आठवलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यानंतर त्यांनी मला शिव्या दिल्या, माझ्या आईला दिल्या, मग माझ्या पाया पडतो म्हणाले, मग त्यांच्या बहिणीला हाका मारायला लागले, शकू म्हणून. मी कुठंही गेले नाही. तोंड फिरवलं नाही. ऊन कलल्यावर त्यांना नीट दिसेनासं झालं असावं, कारण ते मला सोडून बाजूच्या टेकाडाशी बोलत होते. माझ्या पोहऱ्यात तळाला ओंजळभर पाणी होतं. तेही मी तसंच मांडीशी धरून बसले. शेवटी शेवटी ते जतच्या बोरांचं काहीतरी म्हणत होते. शांतपणे काही झालं नाही. जेठारामचंही झालं नव्हतं.

यातलं मी धापूला काहीच सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. ती रायफलीकडं बघत होती, मी तिच्या हातांकडं. माझ्या मनात एकच होतं, की तिनं मला आत बोलवावं. त्या सगळ्या वाळवंटात मला ‘पोरी’ म्हणणारं ते एकच घर होतं.

“तो दोर दोर म्हणत मेला,” धापू म्हणाली. “त्याच्या तोंडात शेवटचं तेच होतं. तूच सांगितलंस मला.”

खेताराम ओट्यावरून उठला आणि आत गेला.

मी वळले. उन्हाचं तीन कोस चालून आले होते, आणि तेवढंच परत जायचं होतं. फाटकापाशी पोचले तेव्हा धापूनं हाक मारली. नावानं नाही, नुसतं “ए बाई” म्हणून, वाटेनं जाणाऱ्या कुणालाही मारतात तशी.

ती माठातून कळशी भरून आणत होती. अंगणाच्या कडेला, जिथं वाटसरूंना उभं करतात, त्या दगडापाशी येऊन थांबली.

“ओंजळ कर,” ती म्हणाली.

मी दगडावर उकिडवी बसले आणि ओंजळ तोंडाशी धरली. तिनं वरून धार सोडली. कळशी माझ्या हाताला लागू दिली नाही, पण धार कुठं कमी केली नाही, मध्ये तोडली नाही. मी मान हलवून पुरे म्हणेपर्यंत ती ओतत राहिली. मी मान हलवली नाही. कळशी संपेपर्यंत पीत राहिले.